आण्णांची पिवळी जास्वंद

नळदुर्गात आमच्या शेजारी राहणाऱ्या आण्णासाहेबांची एकच इच्छा होती. आपल्या झाडावर उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत झाडावरच राहावं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं याहून कमी काय मागावं? पण झाड होतं लाल जास्वंदीचं, आणि गल्लीत गणपती घरोघरी.

सकाळी फिरायला निघालेल्या बायका परतताना पिशवी भरूनच जायच्या. समोरच्या गौराबाई तर छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढत. आण्णांनी हटकलं की म्हणत, “देवाच्या फुलाला कसली चोरी, आण्णा?”

शेवटी आण्णांनी डोकं चालवलं. गणपतीला लागतं लाल, मग लाल ठेवायचंच कशाला? झाड मुळासकट काढलं आणि सोलापूरच्या रोपवाटिकेतून ताटलीएवढ्या फुलाची पिवळी जास्वंद आणली. जुन्या झाडाच्या फांद्या गौराबाईंनी मागितल्या, त्या खुशीत दिल्या. शिवाय काप तिरका घ्या, रुजेपर्यंत सावलीत ठेवा, असं शिकवलंही.

पिवळीचे लाड विचारू नका. दुपारच्या उन्हाला आडोसा, पाणी साचू नये म्हणून कुंडीखाली विटा, पांढरी कीड दिसली की कडुलिंबाचं तेल. फुलं आली. बायका थांबून बघत, छान म्हणत आणि पुढं जात. आण्णा जिंकले.

दोनेक वर्षांनी अंगारकीला त्यांच्या पत्नी उमादेवींनी रिकामी परडी त्यांच्यापुढं ठेवली. बाजारात लाल फूल उरलं नव्हतं आणि पिवळं त्या वाहीनात. “झाड तुम्ही काढलंत, फूलही तुम्हीच आणा,” एवढंच म्हणाल्या.

समोर गौराबाईंच्या भिंतीवरून लाल फुलं रस्त्यावर झुकली होती. मी अंगण झाडत होते, म्हणून दिसलं. आण्णांनी इकडंतिकडं पाहिलं आणि छत्रीची मूठ फांदीला अडकवली.

आतून गौराबाईंचा आवाज आला, “फांदी वढू नका आण्णा, कळ्या गळत्यात. फाटक उघडंच हाय, आत येऊन तोडा.”

आण्णा आत गेले. परडी भरली आणि निघताना साहेबी आवाजात म्हणाले, “फांद्या लई माजल्यात. छाटायला पायजेत.”

तेव्हापासून छाटणी तेच करतात, आणि खत-पाणीही. इकडं त्यांचं पिवळं फूल संध्याकाळपर्यंत झाडावर असतं. बघायला आण्णा घरी नसतात.