मोटारीच्या तोंडावरची पाटी

संस्थान विलीन होऊन नवे राज्य झाले, तेव्हा दरबारच्या गॅरेजमधली एक जुनी काळी मोटार आमच्या खात्याच्या वाट्याला आली आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले होते, माझे दफ्तराबरोबर. एवढ्यावर आमचे जमायला हरकत नव्हती. पण ते दिवस विश्वासाचे नव्हते. ग्वाल्हेर आणि इंदूर अशा दोन संस्थानांची माणसे एका कचेरीत बसत आणि कोण राहणार, कोण घरी जाणार, याच्या याद्या तयार होत. ड्रायव्हरांचीही छाननी चालू होती. प्रत्येकाविषयी त्याच्या अधिकाऱ्याने गोपनीय अभिप्राय द्यायचा होता, आणि याच्याविषयीचा माझ्याकडे होता.

मोटार तापू लागली ती त्याच सुमारास. शिवपुरीच्या रस्त्याला पाचसात मैल गेलो की बॉनेटच्या फटींतून वाफ येई. ड्रायव्हर गाडी कडेला घेई, इंजिन निवेपर्यंत पाठमोरा उभा राही आणि मग पाणी भरी. त्याने रबरी नळ्या तपासल्या, पंख्याचा पट्टा आवळला, नया बाजारातल्या मिस्त्रीकडून रेडिएटर सोड्याच्या पाण्याने धुऊन आणला. मिस्त्री दर वेळी गाडी उत्तम असल्याचा निरोप धाडी. मी बसलो की ती पुन्हा तापे.

मला यंत्रातले काही कळत नसे, माणसांतलेही बेताचेच. पण तर्कशास्त्र हा कॉलेजात माझा आवडता विषय होता. मी नसताना गाडी तापत नाही, मी असताना तापते. तेव्हा दोष गाडीत नसून तिच्या चालकात असला पाहिजे. हा जुन्या सरकारचा माणूस. नव्या राज्याचा अधिकारी रस्त्यात खोळंबावा, एवढेच त्याला हवे असेल. त्याला सरळ विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी नुसते पाहत राहिलो, आणि पाहत राहिले म्हणजे संशयाला खाद्य कमी पडत नाही.

एका दुपारी दाल बाजारात आमची मोटार समोरून गेली. आत तो एकटाच होता आणि गाडीवर खात्याच्या नावाची नवी पाटी नव्हती. पाटी काढून सरकारी गाडी कोणी कशासाठी फिरवील? घरी येऊन मी अभिप्राय लिहिला: चालक भरवशाचा नाही, कायम ठेवू नये. दुसऱ्या दिवशी तो कागद वरिष्ठांकडे गेला.

आठवडाभराने मोटार शहरातच, नया बाजारच्या तोंडाशी उकळली, म्हणून आम्ही तिला तशीच मिस्त्रीच्या दारात नेली. मिस्त्री म्हातारा होता. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. रेडिएटरच्या जाळीवर तारेने घट्ट बांधलेल्या पाटीकडे पाहून त्याने ड्रायव्हरला विचारले की ही रोज इथेच असते का. ड्रायव्हरने होकारार्थी मान हलवली. एरवी गाडी दुकानात आणताना तो पाटी आधीच सोडून ठेवी, कारण तिच्यामागे हात पोचत नसे. इंजिन निवल्यावर मिस्त्रीने तार सोडली, इंजिन चालू केले आणि वर्तमानपत्राचे एक पान जाळीसमोर धरले. पान जाळीला जाऊन चिकटले.

"हवा यहाँ से जाती है, बाबूजी," तो म्हणाला. "और यहाँ आपका पूरा महकमा बैठा है."

ती पाटी माझ्या आदेशाने लागली होती. नव्या खात्याचे लांबलचक नाव एकाही अक्षराची काटछाट न करता, दुरून वाचता येईल अशा आकारात, 'वाहनाच्या दर्शनी भागी मध्यावर' असावे, असे मी स्वतः लिहिले होते. मसुदा मी तीनदा सुधारला होता.

परतताना मी ड्रायव्हरला विचारले, "तुम्हांला हे ठाऊक होतं?"

"अंदाज होता, साहेब. त्या दिवशी पाटी काढून दाल बाजारापर्यंत चक्कर मारून बघितली. नाही तापली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही काय समजला असता? जुन्या दरबारचा माणूस, नवी पाटी ह्याला बघवत नाही."

मी नेमके तेच समजलो असतो. त्याहून वाईट म्हणजे, तसे समजून लिहूनही मोकळा झालो होतो, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

वरिष्ठांच्या खोलीबाहेर मी बराच वेळ उभा होतो. ते इंदूरकडून आलेले. आम्हां ग्वाल्हेरकरांवर त्यांचा भरवसा नव्हता. अभिप्राय परत मागताच त्यांनी चष्मा काढला. "आधी तक्रार, आता शिफारस. मधल्या आठवड्यात काय झालं? तुमच्याच गल्लीतला आहे का तो?"

मी पाटीच्या आदेशाची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली आणि खालच्या सहीवर बोट ठेवले. मिस्त्रीने कागद कसा धरला तेही सांगितले. त्यांनी आदेश शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहिले आणि माझा अभिप्राय फाडून टाकला. वाहनांचे काम माझ्याकडून काढून घेण्याची टीपही त्यांनी तिथेच लिहिली. मला ती मुळीच झोंबली नाही.

संध्याकाळी मी ड्रायव्हरला सांगितले की त्याचे नाव राहणाऱ्यांच्या यादीत आहे, आणि ते खोडायला मीच निघालो होतो हेही सांगितले. तो खूप वेळ मोटारीची काच पुसत राहिला. पाटी आता खाली, बंपरवर बांधा, असे मी शेवटी म्हणालो.

"लिहून द्या, साहेब," तो म्हणाला. "तोंडी नको."