नावाचा रकाना

मी भक्त कमी आणि थापाड्या जास्त, हे आधीच कबूल करतो. औरंगपुऱ्यात मी चहाला बसलो की टपरीवाला दुसरं आधण ठेवायचा, एवढी माणसं ऐकायला जमत. तेव्हा माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्या; उरेल ते बेल-भंडार उचलून सांगतो.

त्या दिवसांत शहरात रोज एक कारखाना उभा राहायचा आणि रोज विद्यापीठाच्या नामांतरासाठी एक मोर्चा निघायचा. मी विद्यापीठात मानसशास्त्राचं संशोधन करत होतो. कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाच्या मनाचं पुढं काय होतं, हा विषय. डॉक्टर 'बरे झालात' म्हणून घरी पाठवतात. त्यानंतर झोप लागते का, भीती वाटते का, कुणाशी बोलता का, हे मी छापील फॉर्म घेऊन दारोदार विचारत फिरे. उत्तरं मिळत, नावं मिळत नसत. जिथं रोगाचंच नाव कुणी घेत नव्हतं, तिथं स्वतःचं कोण देणार? देवावरचा माझा विश्वास तेव्हा जेमतेम खंडोबाच्या रविवारपुरता होता.

दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मावशी भेटली. कॅन्सरसाठी छातीला विजेचा शेक घेऊन तिला दोन वर्षं झाली होती. गावाला मात्र तिनं सांगितलं होतं, मेंढ्यानं ढुशी मारली म्हणून दवाखान्यात होते. माझ्याहून सरस थाप! लेकीची सोयरीक जुळत आली होती आणि रोगाची कुणकुण लागली असती तर पाहुणे उठून गेले असते. तिनं आधी माझ्या तळहातावर बेल-भंडार ठेवला, तिचं नाव कुणापुढं जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, मगच तोंड उघडलं. "अंघोळीला बसले का हात गाठ हुडकतो," ती म्हणाली. "नसली तरी हुडकतो." हे तिनं दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नावाचा रकाना रिकामा राहिला तर आमचे गाईड फॉर्म बाद करतील, मावशी."

"मग खंडोबाचं लिही. त्याच्या दोन्ही बायका करून झाल्यात. त्याची सोयरीक कोण मोडतंय?"

लिहिलं. पण बाहेर आल्यावर, पुढच्या खेपेला घर सापडावं म्हणून, फॉर्मच्या पाठीमागं पेन्सिलीनं तिचं खरं नाव टिपून ठेवलं. तळहाताचा भंडारा अजून पुसलाही नव्हता.

परतताना पडेगावजवळ रस्ता अडवलेला. हजार माणसं होती असं मी सांगतो. बायको म्हणते, मागच्या वेळी पाचशे होती. खरी तीस-चाळीस असतील. मध्ये टायर जळत होतं. अडकलेल्या गाड्यांत दौलताबादचा एक पेरूवाला होता, मावशीच्याच गल्लीतला. निळा झेंडा धरलेला, कारखान्याच्या खाकी कपड्यातला एक गडी पुढं आला. मी सवयीनं थाप मारली, "विमा एजंट आहे." त्यानं पिशवी उघडली. प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर विद्यापीठाचं जुनं नाव छापलेलं.

"ह्यो विमा व्हय?"

"वाच रे मोठ्यानं," मागून कुणीतरी ओरडलं, "काय लिहितेत बघू आपल्यावर!"

त्याच्या हातात वरचाच फॉर्म आला. मावशीचा. "नाव, खंडोबा. वय, पन्नास." लोक खो-खो हसले. पेरूवाला तर टेम्पोवर चढून ऐकू लागला. मला एक थाप सुचेना. 'देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, तिचं झाक.' जन्मात पहिल्यांदा मी काही तिखटमीठ न लावता मागितलं.

खाली वाचता वाचता त्या गड्याचा आवाज थांबला. ओठ नुसते हलत राहिले. मग त्यानं कागद उलटला, आणि त्याची नजर पेन्सिलीवर थांबलेली मी पाहिली.

"मागं काय लिहिलंय?" पेरूवाल्यानं विचारलं.

"काय नाय. कोरं हाय." असं म्हणत त्यानं थुंकीनं अंगठा ओला केला आणि ते नाव घासून घासून पुसलं. फॉर्म माझ्या हातात देताना हळूच बोलला, "तळहात पिवळा हाय तुमचा, सर. शपथ घेतली व्हती ना?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता सुटलो. पण तो हलेना.

"एक कोरा द्या. मायसाठी. दवाखान्यातून आली तवापासून बोलतच नाय." माझंच पेन घेऊन त्यानं वरचं विद्यापीठाचं छापील नाव खोडलं आणि ज्या नावासाठी ते रस्त्यावर बसले होते ते लिहिलं.

"आईचं नाव नको असेल तर कुठल्याही देवाचं लिहा," मी म्हणालो.

"आमच्यात देव नाय, सर." जरा थांबून म्हणाला, "माय लिहा."

मावशीच्या लेकीचं लग्न झालं. ती सुखानं नांदते. मी हाक मारली खंडोबाला आणि माझी मोडलेली शपथ पाळली, ज्याच्या घरात देवच नाही त्यानं. त्याला कुणी धाडलं, याचा तपास मी करत बसलो नाही. एवढंच कळलं, की माझ्या हुशारीची पिशवी दुसऱ्याच्या हातात गेली तेव्हाच ती सांभाळली गेली. खंडोबाचं आणि त्या गड्याचं देणं मी रोज हात जोडून आठवतो.

पुढच्या आठवड्यात त्या मायचा फॉर्म भरून आणला. गाईडांनी पाहिला. "माय? हे काय नाव झालं?"

थाप मारायला तोंड उघडलं. एकही आली नाही. "हेच खरं आहे, सर," मी म्हणालो.