थेंबाचं भिंग

उदगीरचा जिल्हा होणार, ही चर्चा त्या दुष्काळात टँकरच्या रांगेत रोज रंगायची. जिल्हा झाला की नळाला पाणी येणार, असं मीच सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो. त्याच रांगेत एक बाई एकदाच माझ्या पुढं उभी होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, एका हातात घागर, दुसऱ्या हातात काच तडकलेला मोबाइल.

तोटीशेजारच्या ओल्या मातीवर एक पिवळं फुलपाखरू पाणी पीत बसलं होतं. तिनं तोटीचा एक थेंब बोटावर घेतला, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर अलगद टेकवला आणि मोबाइल पालथा करून, श्वास रोखून फुलपाखरावर वाकली. नेमका तेव्हाच तिचा नंबर आला. टँकर संपत आलेला.

"ओ मावशी, पाणी भरायल्या का फोटो काढायल्या?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी संधी साधून माझी घागर पुढं, त्या ओल्या मातीकडं सरकवली.

मान वर न करता ती म्हणाली, "भाऊ, तिथं नका ठिवू. ते बी रांगेतच हाय."

मी घागर उचलून अवघडून उभा राहिलो. मग तिनं फोटो दाखवला. थेंबाच्या भिंगातून फुलपाखराची दोऱ्याएवढी सोंड दिसत होती, थेट पाण्यात बुडालेली.

"आगं माय, लई तहानलंय की!" मागच्या आजी म्हणाल्या आणि त्यांनीच तिची घागर तोटीखाली धरली. रांग ओल्या मातीला वळसा घालून सरकली.

माझ्या वाट्याला अर्धी घागर आली.

"अर्धीच?" घरी बायकोनं विचारलं.

म्हटलं, "आज रांगेत एक जण वाढला होता."