तिसाव्या वर्षी मिसरूड

१९५८ साली मी, गुरुदास मास्तर, कट्टा गावच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. वय तीस, अंगकाठी ताडासारखी, दाढीमिशीचा पत्ता नाही, आणि आवाज असा की दाराआडून हाक मारली तर माणसं विचारत, "कोण गो ती?" मीही हसून घेई. पण लग्नाची तीन स्थळं परत गेली, तेव्हा मुंबईचं एक मोठं इस्पितळ गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या शरीरात पुरुषी हार्मोन फार कमी तयार होतं. ते इंजेक्शनने देता येतं. पण औषध नवं आहे. किती द्यायचं, काय होईल, आम्हीही शिकतोच आहोत."

मी म्हटलं, "शिकणाऱ्याला नाही म्हणायची मला सवय नाही."

दर तीन आठवड्यांनी कट्ट्याच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचं आणि अंगात झालेले बदल डॉक्टरांना कळवायचे, असं ठरलं. तिथली नर्स लीला फटकळ. मी सुई बघून आखडलो की म्हणे, "मास्तरांनू, पोरां परवडली!"

चौथ्या महिन्यात गालावर मुरमं आली. पाचव्यात वर्गात 'ब्रह्मपुत्रा' म्हणताना 'ब्रह्म' वर राहिलं आणि 'पुत्रा' खाली कोसळली. सातवीतल्या निम्म्या मुलांचा आवाज तेव्हाच फुटत होता, म्हणून कुणी हसलं नाही. सहाव्यात मिशीचे सतरा केस उगवले. मी आरशासमोर बसून मोजले आणि आकडा मुंबईला कळवला.

मग डॉक्टरांचं पत्र आलं: मिशी येईल, ताकद येईल, मूल मात्र होणार नाही. मी पुढची तारीख चुकवली. लीला शाळा सुटताना फाटकाशी उभी राहिली. मी पत्र पुढे केलं.

"ह्या माका पयल्याच दिवशी कळला होता," ती म्हणाली. "मुंबयसून इललो तुमचो कागद मीच वाचलंय मां?"

"मग तुम्ही... माझ्याशी लग्न कराल?" मी शुद्ध मराठीत विचारलं. एवढ्या वाक्यात आवाज दोनदा चिरकला.

"सात भावंडां वाढयलंय. माका पोरांची हौस उरली नाय," ती म्हणाली. "पण मुरमांक हात लावू नकात."

धामापूरच्या भगवतीच्या देवळात लग्न झालं. दोन वर्षांनी लीलाची देवबागजवळ बदली झाली. इंजेक्शन तिच्याच हातून घ्यायची सवय झाली होती, म्हणून मीही बदलीचा अर्ज केला. कारण लिहिलं, 'प्रकृती'. हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली.