करंजटेकचं दप्तर

साधना ढमाले करंजटेक ग्रामपंचायतीत लिपिक म्हणून लागली, तेव्हा कार्यालय म्हणजे मारुतीच्या देवळामागच्या दोन खोल्या होत्या. लवळे आणि घोटावड्याच्या मधलं हे साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव. बावीस वर्षं तिनं तिथं दाखले दिले, ठराव लिहिले, ग्रामसभेच्या नोटिसा फळ्यावर लावल्या. सरपंच बदलत गेले. कुठल्या बांधावरून कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे नव्या सरपंचाला तीच सांगायची.

गाव शहराच्या महापालिकेत घ्यायचं असल्याची सूचना डिसेंबरात निघाली. हरकतींसाठी महिन्याची मुदत होती. चार हरकती आल्या, त्यातल्या दोन एकाच माणसाच्या. बाकीच्या गावाला आता पाणी रोज येईल असं वाटत होतं.

त्याच हिवाळ्यात साधनाच्या माडीवर एक भाडेकरू होती. इंगर तिचं नाव, वय सत्तरीला टेकलेलं, डेन्मार्कची. तिची मुलगी लवळ्याच्या विद्यापीठात शिकवायची. वसतिगृहात आईची सोय होईना म्हणून चार महिन्यांसाठी तिनं ही खोली घेतली होती. इंगर इंग्रजी सावकाश बोलायची, त्यामुळे साधनाला ते बरंचसं कळायचं. साधना तिला इंगरताई म्हणे.

आपण काय काम करतो हे साधनानं सांगितलं, तेव्हा इंगर हसली. तीही तीस वर्षं हेच काम करत होती. समुद्रकाठची छोटी नगरपालिका, पाच हजार वस्ती, अकरा सभासद. तिच्या लहानपणी तिथं प्रत्येक चर्चभोवतीच्या गावाचा कारभार वेगळा असायचा. १९७० साली सात गावं मिळून एक नगरपालिका झाली. नगराध्यक्ष मासळीचा व्यापारी होता, लोक तक्रारी घेऊन थेट त्याच्या स्वयंपाकघरात जायचे. २००७ साली सरकारनं देशभरच्या लहान पालिका एकत्र केल्या. इंगरची पालिका एका मोठ्या पालिकेत गेली आणि तिचं टेबल चाळीस किलोमीटर लांब गेलं.

"लोकांना वाईट वाटलं?" साधनानं विचारलं.

"काहींना. बहुतेकांना पहिलं वर्षभर कळलंच नाही."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साधनानं एक गोष्ट केली. पंचायतीची पहिली ठराववही, १९६१ सालची, तिनं पिशवीत घालून घरी आणली. वहीत तिच्या सासऱ्यांची, कुशाबांची, पंच म्हणून सही होती. शहरातल्या कुठल्या तरी गोदामात ती वाळवीच्या तोंडी जाईल, त्यापेक्षा घरी बरी, असा तिचा विचार होता. संध्याकाळी तिनं ती इंगरला दाखवली आणि घरी का आणली तेही सांगितलं. इंगरनं पानं उलटली, सही पाहिली आणि वही मिटून ठेवली.

"मीही असंच केलं होतं," ती म्हणाली. "बंदराच्या धक्क्याचा जुना नकाशा. हातानं रंगवलेला, फार सुंदर. मी घरी नेऊन कपाटात ठेवला. तीन वर्षांनी वादळात धक्का फुटला. नवी पालिका म्हणाली, धक्का मच्छीमारांचा आहे, दुरुस्ती त्यांनीच करावी. मच्छीमार म्हणाले, पालिकेचा. कागद कुणाकडेच नव्हता. दोन हिवाळे बोटी दुसऱ्या बंदरात उभ्या राहिल्या. धक्का पालिकेचा आहे, हे त्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं."

"मग?"

"मला उशिरा आठवलं. नेऊन दिला. कुणी रागावलं नाही, पण दोन कुटुंबांनी तोवर बोटी विकल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला वही कार्यालयात परत आली. मग साधनानं ती पहिल्यांदाच मुळापासून वाचली. गायरानाच्या कडेनं धनगरवाड्यापासून घाटरस्त्यापर्यंत वीस फुटी मेंढरवाट सोडल्याचा ठराव तिसऱ्याच पानावर होता. दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरतात आणि पावसाआधी वर येतात, ती त्याच वाटेनं. नंतरच्या एकाही नकाशात ती वाट नव्हती.

साधनानं अशा सात गोष्टींची यादी केली आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढं ठेवायला सरपंच अण्णासाहेबांकडं नेली.

"बाई, म्हापालिका आल्यावर मोठं रस्ते व्हणार हायेत," अण्णासाहेब म्हणाले. "आन तुमी मेंढरांच्या वाटा लिवताय."

"लिवलं तर काय बिघडतंय, अण्णा? त्यांना हितलं काय ठावं हाय?"

अण्णासाहेबांनी खांदे उडवले. ग्रामसभेत ठराव झाला, हात वर करून. मार्चमध्ये महापालिकेचे दोन कर्मचारी टेम्पो घेऊन आले. साधनानं प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक घातला आणि प्रत्येक क्रमांकापुढं त्यांची सही घेतली. दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या. त्या महिन्याच्या अखेरीस इंगरही मायदेशी गेली. साधनाची नेमणूक शहराकडच्या क्षेत्रीय कार्यालयात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पिराजी तिच्या खिडकीपुढं उभा राहिला. धनगरवाड्यातला, साठीचा, दोनशे मेंढरांचा धनी.

"बाई, वाट अडवली की वो. नव्या बंगलेवाल्यांनी भित घातली. म्हनत्यात, कागद दाखवा."

"मेंढरं कुटं हायेत?"

"डांबरीवरनं नेली. चार गाडीखाली गेली."

साधनानं त्याला बाकावर बसवलं आणि अर्ज लिहून दिला. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मिळाली, पण मूळ वही पाहिल्याशिवाय काही करता येणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. वही शहरातल्या गोदामात होती. साधना रजा टाकून तीनदा गेली. दोनदा गोदामवाल्यानं असं काही आलंच नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिनं सह्यांची यादी पुढं केली. गठ्ठा क्रमांक एक, मागच्या भिंतीला, झाडूंच्या खाली सापडला.

तरी निकालाला चौदा महिने लागले. भिंत पाडली गेली, पण वाट मिळाली दहाच फूट. उरलेल्या दहा फुटांवर बंगल्यांची पाण्याची टाकी आधीच झाली होती. पिराजी म्हणाला, "जात्यात मेंढरं. जरा दाटीनं जात्यात."

वाटेच्या तोंडाशी दगडी डोणी होती, जनावरांना पाणी पाजायची. ती साधनाच्या यादीत नव्हती. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ती लिहावी असं तिला सुचलंच नव्हतं. बंगल्यांच्या कामात ती बुजली आणि आता तिथं हिरवळ आहे. पिराजीनं तो विषय कधी काढला नाही. साधनानं मात्र इंगरला पाठवलेल्या पत्रात वाटेबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि डोणीबद्दल पानभर.