आखूडराव आणि आपोआप उमटणाऱ्या ओळी

ऑफिसात त्याला सगळे आखूडराव म्हणायचे, आणि ते काही उंचीवरून नव्हे. वीस अक्षरांचं काम दोन अक्षरांत झालं नाही तर त्याला अन्न गोड लागत नसे. प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये त्यानं अशी प्लगिन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बसवली होती की दोन अक्षरं लिहून टॅबचं बटण दाबलं, की आठ ओळी उभ्या. बाकीचे कीबोर्ड बडवत बसत आणि हा चहा पीत बसे. बोलणंही तसंच. बायको म्हणायची, "यांनी मला मागणी घातली तीसुद्धा तीन शब्दांत, आणि त्यातला एक खोकला होता."

अशा माणसाचा एडिटर फिरला. शब्द अर्धा लिहून होतो न होतो तोच मध्येच आठ ओळी उमटायच्या. त्यातल्या काही त्याच्या नजरेतून सुटल्या, गिऱ्हाइकाकडे गेल्या आणि तिथलं काम अर्धा दिवस बंद पडलं. साहेबांनी आत बोलावून सांगितलं, "हे या आठवड्यात थांबव. नाहीतर नवीन काम मी दुसऱ्याला देतो." नवीन काम गेलं की पाठोपाठ नोकरीही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अशा भानगडी शोधायची त्याची रीत ठरलेली. निम्मी प्लगिन्स बंद करायची. खोड राहिली तर चोर उरलेल्या निम्म्यांत. मग त्यांचे पुन्हा दोन भाग. असं करत शेवटी ओळी उमटवणारं एकटं प्लगिन उरलं, तरी खोड तशीच. तेही काढून नवं बसवलं. कीबोर्ड बदलला. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला त्याच मशीनवर लिहायला बसवलं, तर एकही ओळ आगाऊ आली नाही.

"माझं तर ऐकतंय बाबा," मित्र म्हणाला. आखूडराव रडकुंडीला आला.

रविवारी सकाळी तो घरी लिहायला बसला. समोर बायको कुणाच्या तरी कोटाला काजं करत होती. शिवणकाम हा तिचा धंदा. त्याची नजर पडद्यावर, तिची त्याच्या हातांवर. बऱ्याच वेळानं तिनं सुई खाली ठेवली.

"अहो, ते बटण तुम्हीच दाबताय."

"कुठलं?"

"टॅबचं. डावी करंगळी थरथरते आणि त्याच्यावर पडते. तुम्हाला कळत नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणून एरवी दोघं हसले असते. पण त्याच्या वडिलांचं दुखणंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं, आणि शेवटी त्यांना घास भरवावा लागे. तो मनातून पार खचला.

"कधीपासून?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. हल्ली रोज सकाळी तुमच्या शर्टाची बटणं मीच लावून देते ना."

दुपारी त्यानं टॅबऐवजी दुसरं बटण नेमून पाहिलं. तेही नकळत दाबलं जाई; शेजारची बोटंही करंगळीच्या वळणावर गेली होती.

सोमवारी तो साहेबांसमोर उभा राहिला नाही, खुर्ची ओढून बसला. "सापडलं. एक प्लगिन बिघडलं होतं. काढून टाकलं."

काढलं होतं हे खरं. यापुढे प्रत्येक अक्षर त्याला स्वतःच लिहायचं होतं.

साहेब खूश झाले. "तुझ्याइतकं भराभर लिहिणारं आपल्याकडे आहे कोण?" म्हणत त्यांनी वर्षभराचं मोठं काम त्याच्याच गळ्यात घातलं. "जमेल ना?"

"जमेल," तो म्हणाला. टेबलाखाली त्यानं उजव्या हातानं डावा हात दाबून धरला होता.