गुंडप्पाची जर्मन बीर

गुंडप्पा गवंडी होता. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याची बायको गुणाबाई गेली, आठ वर्षांची शिवकन्या वाचली. पुढच्या मे महिन्यात औसा तालुक्यात नव्या गावठाणाचं काम निघालं, तेव्हा तो तिथं भिंती चढवायला लागला. देखरेखीला क्लाउस नावाचा जर्मन अभियंता होता.

एका दुपारी पाण्याचा टँकर आलाच नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती. क्लाउसनं थर्माकोलच्या खोक्यातल्या बर्फातून बीरची हिरवी बाटली काढली, उघडली अन् गुंडप्पाच्या हातात दिली. गुंडप्पानं जन्मात कधी दारू चाखली नव्हती, पण तहानेपुढं इलाज नव्हता. पहिला घोट गारेगार, हलका, पाण्यासारखा स्वच्छ. मागून कोवळ्या कडुलिंबाचा कडवटपणा आला आणि घशातली धूळ धुऊन गेला. बायको गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. क्लाउसनं बाटलीवर बोट ठेवून नाव सांगितलं, "पिल्सनर." ते गुंडप्पानं पाठ केलं.

पुढं वीस वर्षं तो हे कुणालाही सांगायचा. दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडं नव्हतंच.

शिवकन्या शिकली, लातुरात जीवशास्त्र शिकवू लागली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, बालाजीनं, मेडिकल प्रवेशाचे क्लासेस आणि मुलांसाठी होस्टेल काढलं. हात थरथरू लागल्यावर गुंडप्पा त्यांच्या होस्टेलच्या फाटकाजवळच्या खोलीत राहायला आला आणि आपसूक वॉचमन झाला. शिक्षक त्याला मुद्दाम विचारायचे, "काय अप्पा, जर्मन बीर कशी असती?" तो मन लावून सांगायचा.

एका वर्षी बालाजी जर्मनीला जाऊन आला. निकाल चांगला लागला म्हणून दुपारी गच्चीवर शिक्षकांची पार्टी होती. त्यानं सासऱ्याला वर बोलावलं.

"मामा, तुमची पिल्सनर आणलीय. घ्या."

गुंडप्पानं ग्लास दोन्ही हातांत धरला. पहिल्याच घोटाला त्याला कळलं, ही ती नव्हे. खारट, कोमट काहीतरी होतं. पण जावयानं एवढ्या लांबून आणलेली.

"हाव," तो म्हणाला, "हीच हाय."

गच्ची हसून लोळली. बालाजीनं सांगितलं, "मामा, कालची उरलेली इथलीच बीर होती. त्यात मीठ टाकलं होतं."

मग त्यानं खरी बाटली फोडली. गुंडप्पाला प्यायची नव्हती. चारचौघांनी धरून ग्लास त्याच्या तोंडाला लावला. तीच होती. तोच गारवा, तोच मागून येणारा कडवटपणा. त्याचे डोळे भरून आले.

"ही... ही खरी हाय. आईशपथ हीच."

"मघाशी पण हीच म्हणलात," एक शिक्षक म्हणाला, अन् पुन्हा हशा झाला.

गुंडप्पानं मुलीकडं पाहिलं. शिवकन्याही हसत होती. हसू पुसत म्हणाली, "अप्पा, बस करा आता ती गोष्ट. खाली जा, पालक यायलेत."

तो खाली आला. अर्धा ग्लास वरच राहिला.

पुढच्या वर्षी नवे शिक्षक आले, तेव्हा बालाजीनं त्याला पुन्हा वर बोलावलं. गुंडप्पानं ग्लास तोंडाला लावायच्या आधीच सांगून टाकलं, "हाव, जर्मन." लोक हसले. ऊन लई होतं, त्याला तहान लागली होती. जे होतं ते त्यानं पिऊन टाकलं.